पंधरावा गडी

प्रफुल्ल रामटेके यांच्या घराच्या तळघरात मी चार वर्षं राहिलो. एवढ्या काळात त्यांनी एखादी गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय हातावेगळी केल्याचं मला आठवत नाही. वाणसामानाच्या पिशव्या गाडीत ठेवताना मोजायचे आणि घरात उतरवताना परत मोजायचे. पाहुणे जेवायला आले की आधी ताटं मोजायचे, मग माणसं. संघमित्रा काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात सात फेरे नव्हते ते बरं झालं, नाहीतर यांनी तेही परत मोजायला लावले असते." काका हसायचे आणि तेवढ्यात टेबलावरचे चमचे मोजून घ्यायचे.

मोजणं हा त्यांचा धंदाच होता. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावापासून वीस मिनिटांवर गाड्यांचे ब्रेक बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते बावीस वर्षं शेवटच्या तपासणीला होते. माल बाहेर पडायच्या आधी ज्याची सही लागते तो माणूस. "माझ्यानंतर डायरेक्ट रस्ता आहे," ते म्हणायचे. "तिथं कोणी तपासून नाही राहिलं."

मी हे सगळं भूतकाळात लिहितोय, पण काका जिवंत आहेत. नागपुरात आहेत, सकाळी फिरायला जातात. संपलं ते दुसरंच काही, आणि ते मी संपवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगताना मी स्वतःला सोडवून घ्यायचा प्रयत्न करणार हे मला माहीत आहे. माझा स्वभावच तसा आहे.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल मिशिगनमध्ये कोण खेळतं, हा प्रश्न सुरुवातीला मलाही पडला होता. उत्तर असं की जवळजवळ कोणीच नाही, म्हणून जो येईल त्याला घेतात. आमच्या क्लबचं नाव ओकलंड हेरन्स. हेरन म्हणजे बगळा, त्यामुळे महाराष्ट्र मंडळातले लोक मला 'काय बगळेबुवा' म्हणून चिडवायचे. संघात दोन खरे ऑस्ट्रेलियन, बाकी कुठून कुठून गोळा झालेले. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळून गुडघे घालवलेले तिघेचौघे, एक आयरिश सुतार, दोन पुरुष नर्स, आणि मी, पुण्याच्या शाळेत हॉकी खेळलेला सौमित्र. या खेळाला लागतं तसं लांबगोल मैदान इथे कुठून असणार? सॉकरची दोन मैदानं जोडून आणि कडेने केशरी शंकू मांडून आम्ही ते दर रविवारी तयार करायचो.

नियम सगळे सांगत बसत नाही. चार उंच खांब असतात. मधल्या दोघांतून चेंडू लाथेने पार गेला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला की एक. आमच्या लीगमध्ये एका बाजूला चौदा गडी खेळायचे. बाकावरचे गडी हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, अट एकच: बाहेर येणाऱ्याने रेघ ओलांडल्याशिवाय आत जाणाऱ्याने पाऊल टाकायचं नाही.

ही अट मोडली की काय होतं ते मात्र सांगायलाच हवं. समोरच्या कर्णधाराला संशय आला तर तो पंचांना खेळ थांबवून माणसं मोजायला लावू शकतो. संघ मैदानाच्या मध्ये रांगेत उभा राहतो, शाळेतल्या हजेरीसारखा. चौदाच निघाले तर संशय घेणाऱ्याला शिक्षा होते. पंधरावा निघाला तर त्या संघाने तोवर केलेले सगळे गुण पुसले जातात. दोन नाही, चार नाही, सगळे. फळ्यावर शून्य लागतं आणि तिथून पुढे खेळायचं.

म्हणून बाकापाशी एक मोजणारा लागतो. ते काम कोणालाच नको असतं, कारण वर्षभर बरोबर केलं तरी कोणाच्या लक्षातही येत नाही.

काका ते काम अकरा वर्षं करत होते, म्हणजे क्लब सुरू झाला तेव्हापासून. एका रविवारी पार्कात फिरताना त्यांनी हा गोंधळ पाहिला, अर्धा तास उभे राहिले, आणि मग कोच डॅरेनला जाऊन सांगितलं की तुझी एक बाजू गेली दहा मिनिटं तेरा जणांनी खेळते आहे. डॅरेन ऑस्ट्रेलियातून आलेला, खेळात जन्म गेलेला. त्याने मोजलं. तेराच होते. पुढच्या रविवारी त्याने काकांना टोपी दिली आणि बाकापाशी उभं केलं.

"मी नागपूरला इंदोऱ्यातल्या आमच्या कबड्डीच्या टीममध्ये होतो," काका सांगायचे. "पण राखीव. मला कधी खेळवलंच नाही बे. बाद किती, जिवंत किती, आता कोण उठणार, हेच पाहत बसायचो. यांचा खेळ म्हणजे मोठी कबड्डीच आहे."

कारखान्याच्या भंगारातून त्यांनी एक पत्रा आणला, अर्धा हिरवा रंगवला आणि प्रत्येक गड्याच्या नंबरचं गोल मॅग्नेट करून घेतलं. हिरव्यावर असेल तो मैदानात, कोऱ्यावर असेल तो बाकावर. बाहेर येणारा रेघ ओलांडून त्यांच्या तळव्यावर हात मारायचा. मग ते दोन मॅग्नेटं सरकवायचे, आणि आत जाणाऱ्याच्या खांद्यावर एक थापटी द्यायचे. "जा." थापटी पडल्याशिवाय कोणी हलायचं नाही. सव्वासहा फुटांचे दांडगे बाप्ये या साडेपाच फुटी माणसापुढे खांदा वाकवून उभे राहायचे. 'जा' हा मराठी शब्द क्लबातल्या एकूण एक माणसाला येत होता. अकरा वर्षांत समोरच्यांनी चार वेळा आमची मोजणी मागितली होती आणि चारही वेळा चौदाच निघाले होते.

मी त्यांच्याकडे राहायला आलो तो एमएस करायला डेट्रॉइटला आलो तेव्हा. विमानतळावर तेच घ्यायला आले होते, माझ्या बॅगा त्यांनी दोनदा मोजल्या. आईने फोनवर विचारलं, कोणाकडे राहतोस. आडनाव सांगितल्यावर ती जरा थांबली आणि मग हवामानाचं विचारलं. मीही हवामानाचं सांगितलं. रविवारी संध्याकाळी वरच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोपुढे वंदना असायची, आजूबाजूची दहा-बारा घरं जमायची. मला बोलावलं नाही असं एकदाही झालं नाही. मीच अभ्यासाचं कारण सांगून खाली बसायचो, वरचे आवाज थांबायची वाट पाहायचो आणि मग खीर खायला वर जायचो. काकू वाटी भरून ठेवायच्या. त्याबद्दल त्या घरात मला कोणी कधी एक शब्द बोललं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही एका मॅचहून परत येत होतो. गाडी मी चालवत होतो. काका एकदम म्हणाले, "माझ्या बाबाचं कसं सुरू झालं, तुला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. त्यांचे वडील कापडाच्या गिरणीत होते. साठीला आले असताना एके दिवशी घरी परतले तर दार सताड उघडं. ते म्हणाले, मी कुलूप लावून गेलो होतो. कुलूप तर आत खुंटीवर होतं.

"खोटं नव्हता बोलून राहिला तो," काका म्हणाले. "त्याच्या हाताला किल्ली फिरवल्याचं आठवत होतं. डॉक्टरनं पाहिलं, म्हणाला सगळं ठीक आहे. तीन वर्षांत त्याला मी कोण ते कळेना झालं. मला काका म्हणायचा, मी त्याचा पोरगा."

मी म्हणालो, "तुम्हाला काही होत नाही. तुमचं डोकं म्हणजे कम्प्युटर आहे यार."

"मी रोज चेक करतो ना. मोजणी बरोबर येऊन राहिली तोवर मी ठीक आहे. ज्या दिवशी चुकली त्या दिवशी समजून जायचं." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी रेडिओचा आवाज वाढवला. पण ऐकलं होतं, आणि पुढे जे झालं ते हे ऐकल्यानंतर झालं.

सहा संघांच्या लीगमध्ये पहिले चार फायनल्सला जातात. हेरन्स अकरा वर्षांत कधी गेले नव्हते. दर वर्षी काका फायनल्सच्या शनिवारची रजा जुलैतच टाकून ठेवायचे आणि ऑगस्टअखेर रद्द करायचे. गेल्या वर्षी मात्र आमचं जमून आलं. शेवटच्या मॅचपर्यंत आम्ही आणि टोलीडोचा संघ बरोबरीत चौथे होतो, आणि ती मॅच आमच्यातच होती. जिंकेल तो पुढे. डॅरेन वर्षअखेर कायमचा ऑस्ट्रेलियाला परत जाणार होता, त्यामुळे जो तो त्याच्यासाठी जिंकायचं म्हणत होता. काका काही म्हणत नव्हते. त्यांनी सगळी मॅग्नेटं घासूनपुसून आणली होती आणि रजा रद्द केली नव्हती.

ऑगस्टचा शेवटचा रविवार, ऊन चांगलंच तापलेलं. मॅचचे चार पाव, म्हणजे चार भाग असतात; शेवटच्या पावात नऊ मिनिटं उरली तेव्हा आमचे अठ्ठावन्न आणि त्यांचे एकोणचाळीस होते. एकोणीस गुणांची आघाडी या खेळात फार नसते, पण टोलीडोचे पाय गळाले होते हे आम्हाला दिसत होतं. आमच्या बाजूला बायका-मुलं उठून उभी राहिली होती. काकूंनी मोबाइल काढून ठेवला होता, शिट्टी झाली की संघाचा फोटो काढायचा म्हणून.

आणि मी बाकावर होतो. तिसऱ्या पावात पाच मिनिटं खेळलो तेवढंच. माझी जर्सी स्वच्छ होती. अकरा वर्षांतला पहिला फोटो आणि त्यात मी इस्त्रीच्या जर्सीत उभा, हे मला सहन होत नव्हतं. कारण एवढंच आहे. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

मार्कस नावाचा आमचा एक बचावपटू लंगडत रेघेकडे येऊ लागला. हात वर केला, म्हणजे मला बदला. काका म्हणाले, "सौमित्र, रेडी राहा." मी त्यांच्यापासून तीन पावलांवर उभा राहिलो. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने आयरिश सुतार नाकातून रक्त गाळत बाहेर आला. रक्त आलं की बदली तिथल्या तिथे करावी लागते. काकांनी त्याच्या हातावर हात मारला, खाली वाकून दोन मॅग्नेटं सरकवली आणि एका नर्सच्या खांद्यावर थापटी देऊन त्याला आत पाठवलं. तेवढ्यात मार्कस रेघेपासून दोन हातांवर आला होता. मला तो बाहेर आल्यासारखाच दिसला. मी पळालो.

थापटी पडलेली नव्हती. ते मला त्या क्षणीही माहीत होतं. खांद्याला सवय असते, खांदा रिकामा होता. मी मागे पाहिलं तर चेंडू मार्कसच्या बाजूला आला होता आणि तो लंगडा पाय विसरून परत आत वळला होता. मी ओरडून त्याला बाहेर काढू शकलो असतो, स्वतः परत फिरू शकलो असतो. मी चेंडूमागे धावलो, पडलो, छातीला माती लागली, आणि बरं वाटलं.

टोलीडोच्या बाकावरची एक बाई बोट दाखवून ओरडायला लागली. त्यांच्या कर्णधाराने पंचांकडे हात केला. खेळ थांबला.

आम्ही रांगेत उभे राहिलो. पंचाने एकेकाच्या छातीकडे बोट करत मोजलं. मार्कसवर चौदा झाले. मग बोट माझ्यावर आलं आणि तिथे थांबलं. पंच रेघेकडे गेला, आम्ही सगळे मागोमाग. त्याने काकांना विचारलं, तेवीस नंबरला आत कोणी सोडलं?

काका पत्र्याकडे पाहत होते. माझं मॅग्नेट कोऱ्या बाजूलाच होतं. त्यांनी मला पाठवलं नाही याचा तो ढळढळीत पुरावा होता. पण त्यांना त्यातून दुसरंच दिसत होतं, हे त्यांच्या तोंडावरून मला कळलं: पाठवलं, आणि सरकवायला विसरलो. त्यांनी उजव्या हाताचा तळवा उघडला, बंद केला. मग माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. ते विचारत होते.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

"मी सोडला," काका पंचांना म्हणाले. "चूक माझी आहे."

फळ्यावरचे पाच आणि आठ कोणीतरी काढले आणि शून्य लावलं. उरलेल्या नऊ मिनिटांत आमची पोरं जीव तोडून खेळली, पण तेरा गुण झाले तेवढेच. फोटो कोणी काढला नाही. काकांना कोणी वेडंवाकडं बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. डॅरेन त्यांच्या शेजारी दोन मिनिटं उभा राहिला आणि सामान आवरायला गेला. काका एकटेच शंकू गोळा करत होते. मोजून चळत लावायचे, परत पहिल्यापासून मोजायचे. मी मदतीला गेलो नाही. परतीच्या वाटेवर गाडी काकूंनी चालवली.

सोमवारी सकाळी क्लबच्या सगळ्यांना काकांची ईमेल आली. कारखान्यात सदोष माल सापडला की एक फॉर्म भरतात. काय झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय काय. काकांनी तोच फॉर्म भरून पाठवला होता. कितव्या मिनिटाला काय झालं ते सगळं नीट लिहिलेलं, फक्त एक ओळ चुकीची: 'बाहेर येणाऱ्या खेळाडूने रेघ ओलांडण्याआधी निरीक्षकाने तेवीस नंबरला आत सोडले.' मूळ कारण: निरीक्षकाची स्मरणशक्ती. उपाय: निरीक्षक बदलणे. खाली सही आणि तारीख.

मी उत्तर लिहायला घेतलं. तीन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. मग स्वतःची समजूत घातली की काकांना सगळं माहीत आहे, त्यांनी मला वाचवण्यासाठी दोष अंगावर घेतला आहे, आणि आता मी तोंड उघडलं तर त्यांच्या मोठेपणाचा अपमान होईल. असल्या युक्त्या मला फार चांगल्या सुचतात. सप्टेंबरमध्ये मी ऑफिसजवळ अपार्टमेंट घेतलं आणि तळघर सोडलं. निघताना काकूंनी लोणच्याची बरणी दिली. काका माझ्या खोक्यांपाशी उभे होते, पण त्यांनी ती मोजली नाहीत.

दिवाळीत मिहीरकडे पार्टी होती. मिहीर मंडळाचा सेक्रेटरी आहे, सगळ्यांची सगळी खबर ठेवतो. प्लेटमध्ये चकली घेत तो म्हणाला, "तुझ्या त्या रामटेक्यांनी मॅच घालवली म्हणे. चौदा माणसं मोजता येत नाहीत आणि क्वालिटीत बसलाय. कोट्यातून आलं की असंच होतं यार." चारपाच जण हसले. मिहीर गणितात दोनदा नापास झालेला मला माहीत आहे, मी त्याच्याच कॉलेजात होतो. मैदानावरची चूक कोणाची हेही मला माहीत होतं. मी म्हणालो, "जाऊ दे ना," आणि दुसरी चकली घेतली. घरी जाताना मला स्वतःची शिसारी आली. पण शिसारी येऊन मी काय केलं, तर झोपलो.

जानेवारीत उपासनाचा फोन आला. उपासना त्यांची मुलगी, शिकागोला नोकरी करते. ती म्हणाली, "बाबांनी जॉब सोडला. तुला माहितीये?"

माहीत नव्हतं. तिने सांगितलं ते असं. सप्टेंबरपासून काका कारखान्यात प्रत्येक पेटी तीनतीनदा मोजायला लागले. एकदा भरलेला ट्रक त्यांनी दिवसभर अडवून ठेवला, कारण सही केली की नाही ते त्यांना खात्रीने सांगता येईना. कागदावर सही होती. ते म्हणाले, ही मी आज केली कशावरून? वरिष्ठांनी समजावलं, महिनाभर सुट्टी घ्या म्हणून सांगितलं. काकांनी राजीनामाच दिला. ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याने ब्रेकवर सही करू नये, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टरने सगळ्या टेस्ट केल्या. काही निघालं नाही.

"He doesn't believe the doctor," उपासना म्हणाली. "आजोबांच्या वेळी पण डॉक्टर हेच म्हणाले होते म्हणतात. सारखं त्या मॅचचं काढतात. I tapped him, my hand remembers it, हेच. सौमित्र, तू होतास ना तिथे? खरंच दिली होती का त्यांनी थापटी?"

म्हणजे काकांनी मला वाचवलं नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. मी खिडकीपाशी उभा होतो, बाहेर पार्किंगमधल्या गाड्यांवर बर्फ साचलेलं होतं. हो किंवा नाही, एवढंच बोलायचं होतं.

"नीट आठवत नाही गं," मी म्हणालो. "फार गडबड होती."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा मेसेज आला की आम्ही नागपूरला कायमचे चाललो, भेटून जा. तोपर्यंत क्लबही मोडला होता. डॅरेन गेला, नव्या वर्षासाठी नऊच जणांनी नावं दिली. मी शनिवारी सकाळी गेलो. घरात खोकी रचलेली होती. उपासना त्यांच्यावर नंबर घालत होती आणि काका गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून हात मांडीवर ठेवून बसले होते. अंगाने निम्मे झाले होते. कडेला अजून काळपट बर्फाचे ढीग होते.

"बावीस तारखेला तिकीट आहे," ते म्हणाले. "इथं रस्ता चुकलो तर पोलीस धरतील. इंदोऱ्यात चुकलो तर कोणीही घरी आणून सोडेल. रामटेक्याचा पोरगा म्हणून ओळखतात अजून."

मी सांगितलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. थापटी दिली नव्हती, मी आपला आपण पळालो, फोटोत जर्सीला माती हवी होती म्हणून पळालो, नाडी सुटलेली नव्हती. उपासना मार्कर हातात धरून ऐकत होती.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मार्कस परत वळला हे तू कधी पाहिलं?"

"आत गेल्यावर. मागे वळून पाहिलं तेव्हा."

"आणि मी त्या वेळी कुठं पाहून राहिलो होतो?"

"पत्र्याकडे. रक्तवाल्याची बदली करून मॅग्नेटं परत मोजत होतात."

ते विचार करू लागले. भुवया जवळ आल्या, उजव्या हाताचं बोट मांडीवर एकेक जागा टिपत गेलं. दोन मिनिटं ते पूर्वीचे काका होते आणि मला वाटलं, झालं, जमलं. मग बोट थांबलं.

"चांगलं जुळवलं आहे," ते म्हणाले. "पण बाबू, साक्षीदार सात महिने गप्प होता. तिथं होता, फॉर्म त्याला मिळाला, तरी बोलला नाही. एवढ्या उशिरा आलेलं म्हणणं तपासणीत आम्ही धरत नाही."

"काका, खरं सांगतोय. मॅग्नेट कोऱ्या बाजूला होतं, आठवा ना."

"तेच तर. सरकवायचं राहून गेलं." मग ते माझ्याकडे पाहून हसले, मायेने. "उपासनानं पाठवलं ना तुला? ती फार काळजी करून राहिली."

मी उपासनाकडे पाहिलं. तिला माझं खरं वाटलं होतं. तिच्या एकटीलाच.

"You told me you didn't remember," ती म्हणाली. मार्कर खोक्यावर ठेवून ती घरात गेली आणि दार ओढून घेतलं.

काकांना ते ऐकू गेलं नसावं. ते खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात टेकत, आणि माझ्यासमोर आले. "तू चांगला पोरगा आहेस," ते म्हणाले. "एवढं बोलायला आलास. आता उशीर नको करू, काम असेल तुला." सवयीने माझा खांदा वाकला. त्यांनी हात उचलला आणि खांद्यावर एक थापटी दिली.

"जा."

मी तसाच उभा राहिलो. त्यांनी वाट पाहिली. मग त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं, त्यांनी स्वतःचा तळवा उघडून पाहिला, आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "मी आता दिली ना थापटी?"

"दिली, काका," मी म्हणालो आणि निघालो.